मंगलाक्का गोकर्णाला येतात

मंगलाक्का कुणाचीही बॅग उघडत नसत. नुसती उचलत. बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या त्यांच्या पी.जी.त आम्ही अकरा मुली राहायचो, आणि सुट्टीला निघालेल्या प्रत्येकीला फाटकाशी थांबून आपली बॅग अक्कांच्या हातात द्यावी लागे. अक्का ती डाव्या हाताने तोलत, डोळे मिटत आणि निकाल देत, "साडेसात किलो. दोन दिवसांसाठी? स्वल्प लाज वाटू दे." नवऱ्याबरोबर वीस वर्षं किराणा दुकान चालवल्यामुळे त्यांच्या हाताचाच तराजू झाला होता. एकदा माझ्या खोलीतल्या ऋजुताने हट्टाने वजनकाटा आणून पडताळून पाहिलं. अक्का दोनशे ग्रॅमनी चुकल्या होत्या.

"काटा बिघडलाय," अक्का म्हणाल्या.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी बोली तिकडचीच राहिली; वर कन्नडची फोडणी तेवढी पडली. तिकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणायच्या. मी नाशिकची. पहिल्याच दिवशी दाराबाहेरून घोगऱ्या आवाजात "मी आलो गं" असं ऐकलं आणि मुलींच्या पी.जी.त पुरुष घुसला म्हणून मी पंधरा मिनिटं बाथरूममध्ये कडी लावून बसले. बाहेर अक्का ताटात गरम उप्पीट घेऊन उभ्या होत्या.

एका वर्षी ऋजुता, शेजारच्या खोलीतली शर्वरी आणि मी अशा तिघींनी गोकर्णाचा बेत केला. एकच दिवस. सकाळी बसमधून उतरायचं, पाठीवर सॅक टाकायची, टेकड्या ओलांडत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जायचं आणि संध्याकाळी परत बस. फाटकाशी खोळंबा नको म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच सॅक दाखवायला गेलो. अक्कांनी तिन्ही उचलून पाहिल्या. शर्वरीचा हेअर ड्रायर, माझी दोन पुस्तकं आणि ऋजुताची इस्त्री बाहेर आली.

"सरी, ठीक आहे. आता चालायला येईल," अक्का म्हणाल्या, आणि त्याच दमात, "मी पण येतो."

बस भरलेली असेल, अशी आम्ही मनोमन आशा धरली. एक जागा रिकामी निघाली.

गोकर्णात अक्का उतरल्या त्या सुती साडी, लेकीने टाकून दिलेले गुलाबी स्पोर्ट शूज आणि पाठीवर शाळेचं दप्तर अशा थाटात. चढ त्या बऱ्या चढल्या. उतार लागला तशा थांबल्या, वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून उलट्या उतरू लागल्या.

"अक्का, हे काय?"

"पुढनं उतरलं की गुडघा दुखतोय. मागनं नाही."

मागून उतरून येणाऱ्यांना वाटे, या बाई वर चढताहेत. ते बिचारे अदबीने बाजूला होऊन वाट देत. मग समोरच्या बाई आपल्याकडे टक लावून बघत लांब लांब चालल्यात असं पाहून त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. शर्वरी हसता हसता एका झुडपात बसली.

दुपारी ओम बीचवर पोचलो. आम्ही नारळपाणी आणायला गेलो आणि अक्का एका खडकाच्या सावलीत वाळूवर बसल्या. पाय लांब केले, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली, डोळे मिटले आणि गुडघा खाली दाबत मोठ्याने मोजायला लागल्या, "ओंदु... येरडु... मूरु..."

आम्ही परत आलो तर अक्कांच्या मागे नऊ जण बसले होते. बहुतेक परदेशी. सगळ्यांनी आपापले टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली घेतले होते आणि डोळे मिटून एका सुरात चाललं होतं, "ओंदु... येरडु... मूरु..."

अक्कांनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या सगळ्यांचे गुडघे गेलेत काय गं?"

आम्ही उत्तर देण्याआधीच त्या उठल्या होत्या. चुकीचं काही चाललेलं त्यांना बघवत नसे. एका उंच बाईचा पाय त्यांनी ओढून सरळ केला, एका लाल दाढीवाल्याच्या मांडीवर चापट मारली. "इल्ली! हितं दाब. नो स्लीपिंग." दाढीवाल्याने हात जोडले आणि हे फार प्राचीन आहे का, असं इंग्रजीत विचारलं.

"नाही रे बाबा," अक्का म्हणाल्या, "गेल्या मंगळवारपासून."

त्याने ते फार गूढ काहीतरी ऐकल्यासारखं मान हलवत ऐकलं. हसून हसून आम्हाला उभं राहवेना. पण शर्वरीचं हसू मध्येच थांबलं. "अक्का, गेल्या मंगळवारी काय झालं?"

अक्का टॉवेलची वाळू झटकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय. दोन्ही गुडघ्यांचं. पुढच्या महिन्यात."

त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. धारवाडच्या लेकीलाही नाही.

"झोपवतात म्हणे त्यात. अन् मी उठलोच नाही तर?" समोर पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या. "आधी दुकान, मग तुम्ही. समुद्र कधी बघितलाच नव्हता मी. म्हटलं, स्वतःच्या गुडघ्यावर एकदा जाऊन येऊ."

मागे नऊ जण अजून मोजत होते.

"पाण्यात जायचं?" ऋजुताने विचारलं.

अक्कांनी शूज काढून दप्तरात ठेवले. आम्ही दोघींनी त्यांचे हात धरले, शर्वरीने मोबाइल काढला. "फोटो बेडा, नको," अक्का ओरडल्या, "तू पण धर मला!" शर्वरीने मोबाइल वाळूत टाकला आणि मागून कंबर धरली. अशी आमची वरात घोटाभर पाण्यात गेली, मग गुडघाभर. पुढची लाट आली ती चौघींनाही आडवं करून गेली. मी नाकातोंडातलं पाणी काढत उठले तेव्हा अक्का वाळूत फतकल मारून बसल्या होत्या, अंबाडा सुटलेला, आणि समुद्राला निपाणीच्या अस्सल शिव्या देत खदखदून हसत होत्या. किनाऱ्यावरून शिष्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये अक्कांनी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. "अय्यो, रडतीस काय? मी अजून इथंच आहे की," अक्का म्हणत होत्या.

अक्का आता धारवाडला लेकीकडे असतात, आणि उतारावरही पुढे तोंड करून चालतात. ऑपरेशनच्या दिवशी लेकीची गाडी उशिरा येणार होती, म्हणून सकाळी आम्ही तिघी ऑफिसला दांडी मारून त्यांच्यासोबत गेलो होतो. स्ट्रेचर आत न्यायच्या आधी नर्सने आम्हाला दाराशी अडवलं आणि तुम्ही पेशंटच्या कोण, असं विचारलं. काय सांगणार?

स्ट्रेचरवरून घोगरा आवाज आला, "माझ्यासोबतच्या आहेत त्या. येऊ दे."