दादाच्या नावचं लॉगिन

मी अन् माझा थोरला चुलतभाऊ, दादा, दोघांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला होता. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांचे नंबर लावणारा. दादाची आई लवकर गेलेली, त्याला माझ्याच आईनं वाढवलं. पुढं तो पुण्यात नोकरीला लागला, मी माजलगावातच राहिलो. कोड पुण्याच्या सर्व्हरवर ठेवलेला. मी मोडेमनं फोन लावायचो, लॉगिन करायचो अन् माझं काम वर चढवायचो. लॉगिन एकच, दादाच्या नावचं. आमच्यात विजेचं मीटर, रेशनकार्ड, बोअर, समदं थोरल्याच्याच नावावर असतं. वेगळं मागावं असं मनातसुद्धा आलं नाही. पासवर्ड मात्र दोघांचा होता, आमच्या सामाईक वावराचं नाव.

दिवाळी करून पुन्हा कामाला बसलो, तर लॉगिन होईना. पासवर्ड चुकीचा म्हणे. आता वावराचं नाव मी चुकवीन व्हय?

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझ्याकडची लाइन खराब हाय. अक्षरं धड पोचत नसतील."

दादा म्हणतो म्हणजे तसंच असणार. कॅप्स लॉक बघितलं, कीबोर्ड बदलला, मोडेम उसना आणला. लाइनमनचं तर असं डोकं खाल्लं की त्यानं वैतागून खांबापासून नवी वायर ओढून दिली. तरी तेच. शेवटी एसटीनं बीडला गेलो अन् नेट कॅफेत बसलो. तिथली लाइन चांगली, मशीन नवं. एकेक अक्षर बघून दाबलं. पासवर्ड चुकीचा.

तिथूनच पुण्याला फोन लावला. वहिनीनं उचलला.

"भावजी, हे बोलले न्हाईत का तुमाला? प्रोग्राम त्यांच्या कंपनीला देऊन टाकला की. पासवर्ड तर दिवाळीच्या आधीच बदलला."

म्हणजे पाडव्याला माझ्या शेजारी बसून, आईच्या हातचं जेवत होता, तेव्हा हे सगळं करूनच आला होता. कॅफेवाल्यासमोरच मला रडू फुटलं. प्रोग्राम काय, पुन्हा लिहिला असता. सरळ सांगितलं असतं तर चार शिव्या हासडून गप बसलो असतो. पण ह्या माणसानं मला खांबावरची वायर बदलायला लावली. अजून आठवलं की जीव जळतो.

घरी आलो तर आई दादाला पाठवायची बाजरी निवडत बसलेली.

"लागलं का रं दादाचं ते लॉगिन?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "लाइन खराब हाय."