कपाळावरचं इसब

बायकोच्या कपाळाला मलम लावलं, तेच आमचं दोघांचं शेवटचं काम. दिवस मावळतीला ती ओट्यावर तुरी पाखडत बसली होती.

"ते पांढरं मलम आना बरं. लय खाजून राह्यलं."

मी बोट फिरवलं.

"जिंदगीभर लोकायचं इसब पुसलं," ती म्हणाली, "आता घरचं पुसा."

"कुंकू सोड, मंग पुसाचं कामच नाई."

"तुमी मरा, मंग सोडीन." आणि हसली.

मी चिखलीत चामडीच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचो. शिकलो चौथी. इसब पुस्तकात नाही, माणसाच्या अंगावर पाहिलं. महाराष्ट्र नवा झाला तेव्हा यायचे ते बहुतेक शेतातले. पिंडरीवर इसब, आणि वरून गावातल्याच कोणीतरी बिब्बा लावलेला. मग इसब राहायचं बाजूला, भाजलेलंच धुवत बसा. बिब्बा लावू नका सांगून सांगून तोंड दुखलं. पुढं रबरी चपला आल्या, तर पायावर बरोबर पट्ट्याच्या आकाराचे चट्टे. मग धुण्याची पावडर आली, अन् बायकांच्या बोटांना भेगा. दुखणं जागा बदलत गेलं, खाजवणारी माणसं तीच.

मग शिशीतलं कुंकू आलं. उंद्री गावाकडच्या बाया कपाळाच्या मधोमध ओला चट्टा घेऊन येऊ लागल्या. डॉक्टर म्हणायचे, "कुंकू बंद करा, बाकी औषध नाही." बाई पदर पुढं ओढायची. "डाक्तर, माहा मालक जित्ता हाय." पुढच्या बाजाराला तीच बाई, तोच चट्टा, वर तेच कुंकू. डॉक्टर आधी हसायचे. नंतर नुसतेच मलम लिहून द्यायचे.

माझ्या घरात तेच. मी हळदीचं साधं कुंकू आणून दिलं, तर म्हणे, "घामानं जाते ते. पंगतीत कपाय कोरं दिसलं तं बाया काय म्हनतील?" मी तरी किती बोलू. दिवसभर दवाखान्यात बोलून थकलेलो असायचो.

ओट्यावर मलम लावलं, त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी बाया जमल्या. नवऱ्याआधी गेली, भाग्याची, म्हणत होत्या. अशा बाईचं कपाळ कुंकवानं सारं भरतात. शेजारच्या म्हातारीनं वाटीत कुंकू कालवलं आणि बोट बुडवलं.

"थांबा," मी म्हटलं.

सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. मी कोनाड्यातून मलमाची डबी आणली, खाली बसलो आणि त्या चट्ट्यावर बोट फिरवलं. कपाळ गार होतं.

"काऊन हो भाऊ, आता कायले?" म्हातारी म्हणाली.

"कुंकू झोंबते तिले."

मी डबीचं झाकण लावलं आणि बाजूला सरकलो.

"लावा आता," म्हटलं. "भरून लावा."