रताळ्याचे वाफे

झरी गावच्या मुंजाजीला कुठेही चौकोन दिसले की त्यांत पाणी सोडावंसं वाटे. बसस्थानकावरची फरशी असो की दवाखान्यातल्या खाटेवरची चौकड्यांची चादर, नजर तिच्यावर गेली की मनातल्या मनात पाट वाहू लागे. पाणी कोणत्या कोपऱ्यातून घ्यावं, आधी कोणता चौकोन भरावा, शेवटचा कोरडा राहू नये म्हणून बांध कुठे घालावा, यात तो असा बुडून जाई की नाव पुकारलं तरी त्याला ऐकू येत नसे. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असंही त्याला वाटलं नव्हतं.

त्याचा सगळा जन्म पाणी देण्यातच गेला होता. विहिरीजवळच्या लहानशा तुकड्यात त्याने वाफे पाडले होते. त्यांत कांदा, लसूण, कोथिंबीर. आणि कडेच्या वरंब्यांवर रताळ्याचे वेल. मोटार सुरू झाली की पाणी पाटाने येई. वाफ्याचं मातीचं तोंड फावड्याने उघडायचं, तो भरला की बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. दारं धरणं म्हणतात ते हेच. त्यात हाताला काम थोडं आणि मधला वेळ फार. पाणी ढेकळांच्या कडेने वाट शोधत येतं, भेगांत शिरताना बारीक कुरकुरतं, बुडबुडे सोडतं, वाळलेली पानं उचलून पुढे नेतं. वाफा भरत आला की त्यात आभाळ उतरतं. मुंजाजी फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत राही. त्या वेळी आपण जागे असतो की झोपेत, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आता ते वाफे जाणार होते. मुलगा बजरंग याने बाकीचं रान केव्हाच ठिबकवर घेतलं होतं. थंडीत मुंजाजी पाटात घसरून पडला, आणि दुपार होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून बजरंगने मनाशी पक्कं केलं. सोमवारी परभणीहून माणसं येणार होती. तुकडा सपाट करून नळ्या अंथरणार होती.

"आबा, चिखलात उतरायचं कामच न्हाई आता. कॉक फिरवला की झालं," बजरंग म्हणे.

"तसं नसतंय रे."

"मग कसं असतंय? सांगा की."

मुंजाजी हात हवेत थोडा हलवी, पाणी दाखवल्यासारखा.

शिवरात्र झाली, उपास सुटला, तरी घरात पाटीभर रताळी उरली होती. रविवारी सून सविता त्यांतली उकडून सोलायला बसली. बहिणीकडे परभणीला गेली असताना तिने एक नवाच पदार्थ खाल्ला होता, आणि त्यासाठी गॅसवर ठेवायचा, दोन झाकणांचा लोखंडी साचा फोनवरून मागवला होता.

"काय करायलीस गं?" मुंजाजीने विचारलं.

"वाफल, मामा."

"वाफेवरचं हाय का?"

"न्हाई, भाजायचं असतंय."

उंबऱ्याजवळ लसूण सोलत बसलेली मालनबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "शिवरात्रीपासून रताळीच खायलोत. आता अजून वाफल!"

सविताने रताळी हाताने मऊ कुस्करली, एक गाठ राहू दिली नाही. त्यात दूध, गूळ, तूप, वेलदोडा, कणीक, थोडा रवा आणि चिमूटभर सोडा घालून पीठ भिजवलं. पहिली वाफल साच्याला चिकटली; अर्धी वरच्या झाकणाला, अर्धी खालच्या.

"फाटली की गं. ठिगळ लाव आता," मालनबाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमची पहिली भाकर काय गोल झाली होती?" सविताने हसत विचारलं. उकडलेल्या रताळ्यांत पाणी जास्त राहिलं होतं. तिने मूठभर कणीक वाढवली, साच्याला तूप माखलं आणि पुन्हा पीठ ओतलं.

झाकणांच्या फटीतून वाफ येऊ लागली. गुळाचा, भाजलेल्या रताळ्याचा वास घरभर झाला. मुंजाजी त्या वाफेकडे बघत राहिला. थंडीच्या सकाळी विहिरीवर अशीच वाफ तरंगते. तिच्यात कडेचा लिंब अर्धाच दिसतो आणि पलीकडे कोणी बोललं तर आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो. सविता काहीतरी म्हणाली तेही त्याला तसंच, लांबून ऐकू आलं.

तिने ताट पुढे ठेवलं. तांबूस, कुरकुरीत काठाची वाफल. तिच्यात सरळ बांध आणि बांधांच्या मधे सारख्या खोलीचे चौकोन.

"हे तर वाफे हायेत गं," मुंजाजी हळूच म्हणाला.

तेवढ्यात बजरंग आला. हात धुऊन बापाशेजारी बसला आणि गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीची वाटी त्याने सरळ ताटातल्या वाफलीच्या मध्यावर उलटी करायला घेतली.

"अरं, अरं! सगळे बांध बुडवशील!" मुंजाजीने त्याचं मनगट धरलं. "वरून ओततेत का कुठं? कोपऱ्यातनं घे."

त्याने वाटी आपल्या हातात घेतली. कोपऱ्यातल्या चौकोनात काकवीची बारीक धार सोडली. तो भरत आला तशी चमच्याच्या टोकाने बांधाला चीर पाडली. काकवी क्षणभर थांबली, मग हळूच पुढच्या चौकोनात उतरली. तोही भरला, तेव्हा वाफलीचा चुरा चिरेत दाबून त्याने तोंड बुजवलं आणि बाजूचं उघडलं. दाराकडचं ऊन एकेका चौकोनात उतरत गेलं. मालनबाईचा लसूण हातातच राहिला.

"खावा की, गार व्हायलंय," ती शेवटी म्हणाली.

"थांब. शेवटचा कोरडा हाय."

"लगनातबी असंच खाली बघत होते. म्या म्हणलं, लाजायलेत," मालनबाई सुनेला म्हणाली.

"लाजत नव्हतो," मुंजाजी वाफलीवरची नजर न काढता म्हणाला. "सतरंजीला चौकोन होते. पाणी द्यायलो होतो."

सविताला हसू आवरेना. मालनबाईही पदर तोंडाला लावून हसली. "घ्या! अन् म्या जलमभर समजले, नवरा लाजाळू हाय."

बजरंग मात्र हसला नाही. तो बापाच्या बोटांकडे बघत होता.

"वाफ्यांतबी हेच करता?"

"हेच की."

"अन् वाफा भरंपर्यंत?"

"बघत राहतो."

"काय बघता?"

मुंजाजीने धार शेवटच्या चौकोनाकडे वळवली. "पाणी येतंय ते," तो म्हणाला.

शेवटचा चौकोन भरला. बजरंगने तो कोपरा मोडून बापाच्या हातावर ठेवला, दुसरा तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि चावता चावताच फोन लावला. "उद्या येऊ नका. विहिरीजवळचा तुकडा न्हाई करायचा. व्हय, तेवढा राहू द्यायचाय." फोन ठेवून तो म्हणाला, "आबा, पण एकट्यानं जायचं न्हाई. मी संगं येणार."

"ये. पण तिथं बोलायचं न्हाई."

"मग झालंच," सविता दुसरी वाफल काढत म्हणाली. "यांना बोलल्याबिगर करमतंय व्हय?"

पाण्याच्या पुढच्या पाळीला बजरंग खरोखरच आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात उभा राहिला. मोटार सुरू झाली. थोड्या वेळाने त्याने काही विचारायला तोंड उघडलं, तेव्हा मुंजाजीने नुसतं बोट वर केलं. कांद्याच्या पातीतून पाणी येत होतं. थांबत होतं, वळत होतं, पुन्हा येत होतं. बजरंगच्या अंगठ्याला ते गार लागलं तसा त्याने पाय मागे घेतला. मग आपण होऊन पुन्हा खाली टेकवला.

मुंजाजी फावडं घेऊन पुढच्या वाफ्याकडे निघाला होता.