गच्चीवरच्या डाळीची परीक्षा

सोलापुरात एप्रिलचं ऊन किती तापतं हे बघायला कुठलंही उपकरण लागत नाही, अनवाणी गच्चीवर जाणं पुरतं. पण आमचे हे पडले निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांनी सोलर कुकर आणला आणि तो डाळ कितपत शिजवतो याची चाचणी रविवारी चारचौघांसमोर घ्यायचं ठरवलं. कुर्डुवाडीहून नणंद आणि तिच्या यजमानांना जेवायला बोलावलं. मला बजावलं, "आज तू गॅस पेटवायचा नाहीस."

मी हरखलेच, खोटं कशाला सांगू? आमच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे. दुपारी तिथं उभं राहिलं की डाळीआधी बाईच शिजते. एक दुपार तरी त्यातून सुटका हवी होती. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी विकत आणली आणि कूलरसमोर पाय पसरून बसले. भाकरी चुरून खायला वरण तेवढं वरून यायचं होतं.

गच्चीवर चाचणी सुरू झाली. पेटीचं झाकण बंद ठेवायचं, एवढाच काय तो नियम. पण शिजत्या भांड्यात डोकावल्याशिवाय आपल्याकडे कुणाला राहवतंय? शेजारी आले, त्यांना उघडून दाखवलं. नणंदेचे यजमान म्हणाले, "पावणं, बघू की, कितपत आलंय!" पुन्हा उघडलं. मधूनमधून थर्मामीटर खुपसायला ह्यांनी स्वतःच उघडलं. आत जमलेली उष्णता दर वेळी गावाला परत केली. गावात तिची टंचाईच होती ना!

जेवणाची वेळ झाली तसे हे डाळीचा डबा पंच्यात गुंडाळून खाली आले. हळूच म्हणाले, "एक शिट्टी काढ. कुणाला बोलू नकोस." आणि ताटं मांडायला गेले. मला असा संताप आला म्हणता! चाचणी ह्यांची, कौतुक ह्यांचं आणि शिट्टी माझी. मी डाळीत मीठ घातलं आणि तशीच वाढली.

नणंदेचे यजमान चावत चावत म्हणाले, "लई झ्याक झालंय की! उन्हाची चवच न्यारी." नणंदेनं मान डोलावली. तिच्याही दाढेखाली कचकच चालू होती. ह्यांनी पहिला घास घेतला आणि भर पंगतीत ओरडले, "अगं, शिट्टी नाही काढलीस?"

सगळे चावायचे थांबले.

"नाही," मी म्हटलं आणि पुढ्यातली भाकरी मोडली.

हे तणतणत डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग, सूर्याची शक्ती पोरांना शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाचा आवाज आला, "अगं, हा गॅस पेटतो कसा?"