जीपमधून उतरलेला दादा

बातमी आली तेव्हा मी शाळेला निघाले होते. शिरूरच्या आमच्या घरात फोन दाराजवळच असतो. पलीकडून सुमनवहिनी बोलल्या, "वन्सं... तुमचे दादा गेले." तेव्हा मी जे विचारलं ते ऐकून यजमान माझ्याकडे बघतच राहिले. मी विचारलं, "शटर उघडं होतं का?" वहिनी हुंदके देत म्हणाल्या, "व्हय. कामावरच होते." छातीत कळ आली म्हणून दादा दुकानातल्या स्टुलावर बसला, तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडले, पण मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटत होतं, की दादा त्याच्या दुकानात गेला, आप्पांच्या गाडीत नाही.

आप्पा म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, वरवंडमधलं बडं प्रस्थ. आडनावासकट नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. वर्तमानपत्राची ही पुरवणी आप्पांच्या घरी येते हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच इथे लिहिते आहे. स्मशानात त्यांनी डोळ्याला रुमाल लावला आणि चारचौघांत म्हणाले, "माझा उजवा हात गेला." त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाचा हिशोब चुकता करायचा. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन निर्मळ असावं म्हणतात. माझं नाही. ज्यांना निर्मळ वाचायचंय त्यांनी पान उलटावं.

नव्वदच्या सुमाराला दादा पाबळला वेल्डिंग शिकून आला आणि त्याने वरवंडलाच हायवेला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. ग्रिल, शटर, कांद्याच्या चाळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. हात सोन्याचा. आळस अंगात नावाला नाही. पण एक सवय होती, आणि ती आमच्या भागात इतकी रोजची आहे की तिला कुणी सवय म्हणतच नाही. सकाळी आप्पांची जीप दुकानासमोर थांबायची, हॉर्न वाजायचा. आप्पा काच खाली करून म्हणायचे, "चल रे रघू, जरा जाऊन येऊ." आणि दादा शटर खाली ओढून मागच्या सीटवर बसायचा. कुठे जायचं? कधी केडगावला साखरपुडा, कधी पाटसला लग्न, कधी भीमेच्या काठी कुणाचा तरी दहावा. आमच्याकडे पुढारी एकटा उतरला तर पुढारी वाटत नाही. त्याच्यामागे चार माणसं उतरावी लागतात. आप्पांचा सत्कार व्हायचा, फेटा बांधला जायचा, आप्पा माईक धरून बोलायचे, आणि माझा भाऊ मागे हात बांधून उभा. 'जरा' म्हणता म्हणता दिवेलागणीला घरी. दुकानाला कुलूप, बाहेर गिऱ्हाईक वाट बघून गेलेलं.

मी भाऊबीजेला गेले की भांडायचे. "तू कोण आहेस त्यांचा? ड्रायव्हर का भालदार?" दादा मान खाली घालून म्हणायचा, "अगं, वडीलधारं माणूस हाय. न्हाई कसं म्हणायचं?" त्याला 'नाही' म्हणताच यायचं नाही. आळशी माणसाला निदान झोप तरी मिळते. भिडस्ताला काय मिळतं? दुसऱ्याच्या फेट्याचे फोटो. त्या फोटोंत दादा कडेला अर्धा आला आहे. वहिनींनी ते जपून ठेवले होते, मी एकदा रागाने फाडणार होते.

मग रांजणगावच्या एका कारखान्याचं काम आलं. माल वाहायच्या लोखंडी ट्रॉल्या, वर्षभर पुरेल एवढं. दादाने नमुना दिला, तो पसंत पडला. कारखान्याचे साहेब दुकान बघायला येणार होते. त्याच सकाळी हॉर्न वाजला. "आप्पा, आज साहेब येणार हायत," दादा म्हणाला. आप्पा म्हणाले, "अरं, दहाव्याला तोंड दाखवायचं आन् माघारी फिरायचं. साहेब काय पळून चाललाय व्हय?" ...दादा गेला. साहेब आले, बंद शटर बघून परत गेले. काम कुणाला मिळालं? आप्पांच्या भाच्याला. पण एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. आठवड्याने सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी विषय काढला, तेव्हा आप्पा दादाच्या देखत हसून म्हणाले, "ह्याला कोण काम देणार? ह्याचं शटर कवा उघडं असतंय?" सगळे हसले. दादाही हसला म्हणे. मग घरी आला आणि जेवला नाही.

दादाने आप्पांशी भांडण केलं नाही. ते त्याला जमलंच नसतं. तोंडाने नाही म्हणता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने त्याची तजवीज हातानेच केली. दारातच टेबलावर एक जाड लोखंडी पट्टी ठेवली. हॉर्न वाजला की तो वेल्डिंगची काळी काच तोंडाला लावायचा, होल्डरला रॉड अडकवायचा आणि त्या पट्टीवर वेल्डिंगचा टाका मारायला घ्यायचा. वेल्डिंगच्या उजेडाकडे कुणाला बघवत नाही. जो तो डोळ्यांवर हात घेऊन मागे सरतो. आप्पा जीपमधून ओरडायचे, "रघ्या, ए रघ्या!" आणि दादाला ठिणग्यांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. रॉड संपेपर्यंत आप्पांचा धीर संपलेला असायचा. लाईट गेलेली असली की पंचाईत. मग दादा एखाद्या ट्रॉलीखाली उताणा शिरायचा आणि नुसता हातोडा ठोकत पडायचा. वहिनी बाहेर येऊन सांगायच्या, "ते खाली अडकल्यात, आप्पा." ही गोष्ट सांगताना दादा लहान मुलासारखा हसायचा. पहिले काही दिवस मात्र हॉर्न ऐकला की पाय आपोआप जीपकडे वळायचे, असं त्यानेच मला सांगितलं. सवय सुटायला वर्ष गेलं. पट्टीवर टाक्यांवर टाके चढून तिचा ओबडधोबड गोळा झाला.

मग दुकान चाललं. शटर सातला वर म्हणजे सातला वर. भाच्याचं काम कच्चं निघालं आणि कारखान्याचे तेच साहेब पुन्हा दादाच्या दारात आले. त्यानंतर आप्पांनी बंगला बांधला, आणि फाटक करायला दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्या पसंतीला उतरेना. पायी चालत दुकानात आले. त्या दिवशी मी तिथे होते. दादाने तोंडावरची काच काढली नाही. "बसा आप्पा, जोड चालू हाय." आप्पा बसले. जोड संपला, दादाने दुसरा घेतला. आप्पांना इतका वेळ कुणासाठी थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. डोळे भरून पाहिलं. फाटक त्यांचा नंबर आल्यावरच झालं, आणि झालं ते उत्तम झालं. तिथे दादाने सूड घेतला नाही. मी असते तर बिजागरी कुरकुरती ठेवली असती.

त्याच रात्री जेवताना दादा मला म्हणाला, "शालन, मी मेल्यावर आप्पाच्या हातात माईक देऊ नगं. न्हाईतर मेल्यावर बी त्यांच्याच कार्यक्रमाला गेल्यागत व्हईल." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पण मी शब्द दिला होता.

दहाव्याला घाटावर आप्पा माणसं घेऊन हजर. मी वहिनींना म्हटलं, भाषण होऊ द्यायचं नाही. वहिनी घाबरल्या. "नगा वन्सं. मला हितंच राहायचंय." त्यांचंही खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. कुणी म्हणालं, दुकान बंद पडू देणार नाही म्हणा. म्हटलं. लेकीचं लग्न थाटात करू म्हणा. तेही म्हटलं. ऊन चढलं. तेवढ्यात आप्पांनी माईक हातात घेतला. "रघू, मी हाय तवर काळजी करू नगंस..." आणि घसा खाकरून भाषणाच्या सुराला लागले. मला राहवलं नाही. मी पिंडापाशी गेले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, आप्पांचं भाषण होणार न्हाई. मी होऊ देणार न्हाई."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

भूक लागली असेल त्याला. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला कळतं. पण घाटावर जमलेल्या गावाला जे कळायचं ते कळलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी माईक खाली ठेवला आणि न जेवता निघून गेले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो आणि आठवला की जेवण गोड लागतं.

तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी वहिनींनी शटर वर ओढलं, सातलाच. टेबलावर तो लोखंडी गोळा होता तसाच होता, दादाची काच शेजारी. मी पिशवी उचलणार, एवढ्यात हायवेवर आप्पांची गाडी थांबली. हॉर्न वाजला. मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, आता या पदर सावरून बाहेर जातील... वहिनींनी काच उचलली, होल्डरला रॉड अडकवला. त्यांनी जन्मात कधी वेल्डिंग केलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. दोनदा रॉड चिकटला. तिसऱ्यांदा उजेड पडला आणि मी डोळ्यांवर हात घेतला.

हात काढला तेव्हा गाडी गेली होती. दादाच्या टाक्यांवर एक वाकडातिकडा टाका पडला होता, लालभडक, अजून गरम.