दामू मिस्त्री आणि अडलेली वरात

ज्या रुळावरून दार सरकतं, त्या रुळालाच मी हिरवा ऑइलपेंट फासला. चाकांना फासला, बोल्टांना फासला. उरलेल्या रंगात कडीवर वेलबुट्टी काढली आणि लांब उभा राहून स्वतःवर खूश झालो. दार बंद होतं. आत वकीलसाहेबांची मोटार होती, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच मोटारीतून माझ्या भाचीची वरात निघायची होती.

दार ठाण्याच्या वकिलांचं, पण ते बसवलं माझ्या मेव्हण्यांनी आणि जीवही त्यात त्यांचाच. दामूभावोजी म्हणजे ठाण्यातल्या बंगल्यांच्या गॅरेजची दारं, कल्याणच्या बाजारातली शटरं, कुणाचा पंप, कुणाची पिठाची गिरणी, जे अडेल ते सोडवणारा माणूस. टायपिंगच्या परीक्षेनं मला पुन्हापुन्हा परत पाठवल्यावर ताईच्या वशिल्यानं मी त्यांच्या हाताखाली लागलो होतो. बिघडलेल्या दाराला ते आधी ढकलत नसत. बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावत आणि हळूच विचारत, "काय गो बाय, खंय दुखता?" मालकांशी शहरी मराठी, दारांशी मालवणी.

एकदा कल्याणला एका कापडवाल्याचं शटर अर्ध्यावर अडलं. भावोजी कान लावून उभे, तर मी सरळ त्याला लोंबकळलो. ते म्हणाले, "अनंता, उतर. दाराला जोर लावणारा आणि पावण्याला आग्रह करणारा, दोघंही शेवटी काहीतरी मोडतात." एवढं बोलून होतंय तोवर शटर धाडकन खाली आलं. मी फुटपाथवर बसलेलो आणि धोतराचा सोगा शटरखाली. भावोजींनी शांतपणे शटर उचललं, सोगा माझ्या हातात दिला आणि कापडवाल्याला म्हणाले, "बघा, खाली तर छान येतंय."

विनय हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. "माझ्या हातचं दार मांजरानं ढकललं तरी उघडेल," हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, कमळच्या लग्नाच्या बैठकीतही ऐकवलं. व्याही डोंबिवलीचे. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त नवऱ्यामुलाची आजी म्हणाली, "माझे पाय गेलेत, मी काही लग्नाला येत नाही. पण नातसून मोटारीतून दारात उतरलेली मला बघायचीय." भावोजींनी छातीवर हात मारला, "बघाल!" आणि वकीलसाहेबांना जाऊन सांगितलं, "दाराच्या कामाचे पैसे ठेवा तुमच्याकडे. एक संध्याकाळ मोटार द्या." वकिलांनी हसून होकार दिला. वरातीची माणसं येणार, तर दार जरा झळकलं पाहिजे, ही पुढची अक्कल माझी.

लग्न झालं, पंगती उठल्या. वाजंत्री वाजवत सगळी मंडळी वकिलांच्या फाटकाशी आली. मी ऐटीत कुलूप काढलं आणि दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. मेच्या उन्हानं माझा रंग दगडासारखा वाळवला होता. तिकडे डोंबिवलीला म्हातारी ओट्यावर येऊन बसली असणार, आणि इकडे सनई बिचकत बिचकत थांबली.

व्याही पुढं आले. "काय मिस्त्री, मांजर बोलवायचं का?"

सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. त्यांनी टकटक केली, कान लावला. मग वर रुळाकडे पाहिलं, बोटानं रंग खरवडला आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता वरातीच्या आधी माझीच मिरवणूक निघते.

"रंग मात्र बरा निवडलास," एवढंच म्हणाले.

मग डोक्यावरचा फेटा काढून व्याह्यांच्या हातात दिला, दाराला कपाळ टेकलं. "बाय गो, आज माझी लाज तुझ्याकडे." आणि एकदम गरजले, "सनई खाली ठेवा! दार धरा! सरकत नाही तर उचलून नेऊ!"

वाजंत्रीवाले दाराला भिडले. भावोजी जरीच्या उपरण्यासकट शिडीवर. बोल्टांवरचा रंग मी छिन्नीनं खरवडायचा आणि त्यांनी पान्यानं बोल्ट सोडवायचा. प्रत्येक बोल्टाला ते विचारत, "इथंही लावलास? वा, हौस आहे!" दाराचा भार वाढला तसे वकीलसाहेब पुढं झाले. व्याह्यांनी फेटा स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि खांदा दिला. शेवटचा बोल्ट निघाला. चाकं रुळाला चिकटून वरच राहिली आणि अख्खं दार, पालखीसारखं, माणसांच्या खांद्यावरून बाजूला गेलं. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ताल धरला. दाराच्या खाचेत ओघळलेला रंग मात्र सावलीत अजून ओला होता. व्याह्यांच्या नव्या कोटावर हिरवा पट्टा उठला. त्यांनी तो पाहिला, भावोजींच्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, शब्द राखलात. कोट काय, धुता येतो."

धुता आला नाही, ते पुढं डोंबिवलीला गेल्यावर कळलं.

मांडवातून आणलेल्या माळा मोटारीला घातल्या. कमळ डोळे पुसत आत बसली. मी भावोजींच्या मागं उभा होतो. हळूच विचारलं, "उद्यापासून कामाला येऊ ना?"

लेकीच्या मोटारीवरची नजर न काढता ते म्हणाले, "ये तर. हे दार बसवणार कोण? हात वाईट नाहीत तुझे, अनंता. घाई वाईट आहे." आवाज ओला होता. तो त्यांनी खोकून लपवला.

तेवढ्यात कमळनं खिडकीतून मान बाहेर काढली. मला वाटलं, मामाला शेवटचा नमस्कार करतेय. मीही डोळ्यांत पाणी आणून पुढं झालो.

"मामा, डोंबिवलीला नक्की ये हं," ती म्हणाली. "पण आलास की नुसती हाक मार. दार मी उघडीन."