चाचांची जेपीजी

चित्राची फाइल लहान करताना ज्याच्या जिवाला खरोखर त्रास होतो, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो अकोल्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी अकरा वर्षं बसला. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. पूर्वी ते एका इंजिनिअरकडे हातानं नकाशे काढत; बोटं थरथरायला लागल्यावर कॉम्प्युटर शिकले. नकाशांच्या मूळ फाइली साध्या कॉम्प्युटरवर उघडत नसत, म्हणून लोक चाचांकडून त्यांची जेपीजी, म्हणजे कुठंही उघडणारं साधं चित्र, करून नेत. काम दोन मिनिटांचं. चाचांना पाऊण तास लागे. आधी चष्मा पुसायचा, मग 'बिस्मिल्ला' म्हणून माउसला हात लावायचा, आणि तयार झालेलं चित्र मूळ नकाशाशी रेघ न् रेघ ताडून बघायचं. "जेपीजी म्हंजे वाळवलेली भाजी हाये बेटा," ते म्हणायचे, "पोट भरते, पन मेथी होती का पालक, सांगता येत नाई." चिखलदऱ्याला लॉज बांधणारा एक ठेकेदार फार घाई करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला स्टुलावर बसवून जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या. एक कमी भरली. बघतो तर ती मूळ नकाशातच नव्हती! चाचा त्यावर आठवडाभर खूश होते.

ती वर्षं शेतीला वाईट होती. दुकानात येणाऱ्याच्या हातात बहुतेक कसला तरी अर्जच असे. अशात एका सकाळी बाळापूरकडच्या एक बाई आल्या. भाकरीच्या फडक्यात सीडी गुंडाळलेली. गावाशेजारून कालवा जाणार होता, त्याचा नकाशा ऑफिसातून मिळाला होता, पण गावात कोणाला उघडेना. दुसऱ्या दिवशी सुनावणी. चाचांनी नेहमीच्या सोपस्कारानं जेपीजी केली, हरकतीच्या अर्जासोबत ऑफिसला ई-मेलनं पाठवता यावी म्हणून आणखी दाबली, आणि प्रिंट बाईंपुढे ठेवली. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"माही विहीर कुठी गेली?"

चाचांनी मूळ फाइल उघडली. कालव्याच्या रेघेखाली एक बारीक गोल होता. जेपीजीत तो रेघेतच मिसळून गेला होता. चाचांचा चेहरा असा झाला, की जणू विहीर त्यांनीच बुजवली होती.

"माफ करजा बाई. माह्याच हातानं गेली," एवढंच ते म्हणाले. मग मूळ नकाशाचे मोठे तुकडे पाडून नऊ कागदांवर छापले आणि खळ लावून जोडले. ती गुंडाळी ते बाईंच्या हाती देईनात. "एस्टीत चुरगळली त मंग?" शेवटी दुसऱ्या दिवशी मीच दुकान बंद करून चाचांना स्कूटरवर बाळापूरला सुनावणीला नेलं. गुंडाळी सबंध रस्ताभर त्यांच्या छातीशी.

सुनावणी घेणारे साहेब समोरचा छोटा नकाशा बघून म्हणाले, "इथं विहीर दिसत नाही." चाचांनी त्यांच्या टेबलावरची बशी बाजूला सारली आणि कागद पसरला.

"साहेब, ड्रॉइंग तुमच्याच ऑफिसातलं हाये. म्या फक्त मोठं केलं."

साहेब वाकले. बाईंनी गोलावर बोट ठेवलं. जरा वेळानं साहेबांनी पेन्सिल घेतली आणि कालव्याची रेघ विहिरीला वळसा घालून पुढं नेली.

पुढं डोळ्यांनी साथ सोडली, आणि चाचा अमरावतीला लेकीकडे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात भेटायला गेलो. आवाजावरून ओळखलं मला. बोलता बोलता मी सांगितलं, की तो कालवा काही झाला नाही. ना सरळ, ना वळसा घालून. खुंट्या रोवल्या तेवढ्याच.

मला वाटलं, उगीच सांगितलं.

"म्हंजे चाचा, आपन त्या दिवशी फुकटच गेलो."

"फुकट काहून?" ते खिडकीकडे तोंड करून हसले. "त्या बाईनं आपल्याले घरी नेऊन वांग्याची भाजी खाऊ घातली, इसरला काय? तिच्याच विहिरीवरचे वांगे होते ते."